इबादानचा राजदंड

२५ मे १९६२. पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया स्वतंत्र होऊन जेमतेम वीस महिने झाले होते. त्या देशाच्या पश्चिम प्रांताची राजधानी इबादान. तेथे प्रांतिक विधानसभेची बैठक भरली. सभागृहाची मांडणी वेस्टमिन्स्टरच्या धर्तीची होती. अध्यक्षांचे उच्चासन, समोरासमोर सत्तारूढ व विरोधी बाके, मध्ये टेबल आणि टेबलावर राजदंड. कामकाजाला प्रारंभ होताच एक सदस्य टेबलावर उडी मारून आरडाओरडा करू लागला. खुर्च्या भिरकावल्या गेल्या. एका सदस्याने राजदंड उचलला आणि अध्यक्षांच्या दिशेने हाणला. नेम चुकला, राजदंड टेबलावर आपटून मोडला. पोलिसांनी अश्रुधूर सोडून सभागृह रिकामे केले.

महाराष्ट्रातील वाचकाला राजदंड पळविण्याचे प्रकार नवे नाहीत. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छायाचित्र येते, काही सदस्य निलंबित होतात, काही दिवसांनी निलंबन मागे घेतले जाते आणि मंडळी पुन्हा उपाहारगृहात एकत्र चहा घेताना दिसतात. इबादानच्या राजदंडाची गोष्ट तेथे संपली नाही. पुढील चार वर्षांच्या आत त्या देशाचे पंतप्रधान आणि दोन प्रांतांचे मुख्यमंत्री लष्करी बंडात मारले गेले. पाच वर्षांनी यादवी युद्ध पेटले. त्यात लाखो माणसे मेली, आणि त्यांतील बहुसंख्य गोळीने नव्हे, तर उपासमारीने मेली. या साऱ्या अनर्थाला एकटी विधानसभेतील ती सकाळ कारणीभूत होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या सकाळच्या मुळाशी राज्यघटनेतील एका वाक्याचा वाद होता आणि ते वाक्य नायजेरियाने इंग्लंडकडून घेतले होते. नवस्वतंत्र देशांनी परकीय घटनांची प्रतिमाने स्वीकारावीत की नाही, या जुन्या चर्चेत त्या वाक्याची कहाणी फारशी कोणी सांगत नाही. ती सांगण्याजोगी आहे.

नायजेरियाची पहिली राज्यघटना लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये १९५७ व १९५८ साली झालेल्या परिषदांतून आकाराला आली. १ ऑक्टोबर १९६० रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा ती ब्रिटिश राणीच्या आदेशाला जोडलेले परिशिष्ट म्हणून लागू झाली. देशाचे तीन प्रांत होते. उत्तरेत हौसा-फुलानी, पश्चिमेत योरुबा आणि पूर्वेत इग्बो समाजाचे प्राबल्य होते. मध्यवर्ती सभागृहात ३१२ जागा. त्यांपैकी १७४ एकट्या उत्तर प्रांताच्या. म्हणजे एकच प्रांत उरलेल्या दोघांना मिळून भारी होता. संघराज्याच्या तराजूचे एक पारडे जन्मापासूनच जमिनीला टेकलेले होते. हा दोष मात्र वेस्टमिन्स्टरच्या माथी मारता येणार नाही. तो नकाशातला दोष होता, आणि तो नकाशा ब्रिटिशांच्या प्रशासकीय सोयीने आखलेला होता.

पश्चिम प्रांतात ॲक्शन ग्रुप या पक्षाचे राज्य होते. पक्षाचे संस्थापक ओबाफेमी अवोलोवो मध्यवर्ती सभागृहात विरोधी पक्षनेते म्हणून गेले आणि प्रांताचे मुख्यमंत्रिपद सॅम्युएल अकिंतोला यांच्याकडे आले. पुढे दोघांत वितुष्ट आले. गुरूने पद सोडले आणि शिष्य त्या पदावर बसला की काय घडते, हे भारतीय वाचकाला सांगावयास नको. मे १९६२ मध्ये पक्षाने अकिंतोलांना राजीनामा द्यावयास सांगितले. त्यांनी नकार दिला. तेव्हा विधानसभेच्या निम्म्याहून अधिक सदस्यांनी सह्या करून राज्यपालांना पत्र दिले की, या मुख्यमंत्र्यांवर आमचा विश्वास राहिलेला नाही.

राज्यपाल होते सर अदेसोजी अदेरेमी. ते केवळ राज्यपाल नव्हते. योरुबा समाज ज्या नगरीला आपले मूलस्थान मानतो, त्या इफे नगरीचे ते परंपरागत राजे होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या धार्मिक अधिकाराचा धनी असलेल्या या पुरुषाला नव्या घटनेने इंग्लंडच्या राणीच्या प्रतिनिधीची झूल चढविली होती. त्यांच्यापुढे घटनेतील वाक्य होते. त्याचा आशय असा की, मुख्यमंत्र्याला बहुसंख्य सदस्यांचा पाठिंबा उरलेला नाही असे राज्यपालांना दिसून आले, तर ते त्याला दूर करू शकतात. राज्यपालांनी पत्रावरील सह्या पाहिल्या, अकिंतोलांना बडतर्फ केले आणि दौदा अदेग्बेन्रो यांना मुख्यमंत्री नेमले. अकिंतोला हटेनात. सभागृहात मतदान झाल्याविना मला काढण्याचा अधिकार राज्यपालांना नाही, असे म्हणत ते न्यायालयात गेले. एका प्रांताला दोन मुख्यमंत्री झाले. नव्या मुख्यमंत्र्यांवर विश्वासदर्शक ठराव घेण्यासाठी विधानसभा बोलाविण्यात आली आणि तेथे राजदंड मोडला.

‘दिसून आले तर’ या तीन शब्दांचा अर्थ काय? कशावरून दिसून यावे? सभागृहातील मतदानावरून, की खिशातून काढलेल्या सह्यांच्या कागदावरून? इंग्लंडमध्ये हा प्रश्न कधी निकराला आला नाही, कारण तेथे असे वाक्यच लिहिलेले नाही. तेथे राजाने पंतप्रधानाला दूर केल्याचा शेवटचा प्रसंग १८३४ सालचा, चौथ्या विल्यमच्या कारकिर्दीतला. त्यानंतर राजाने काय करू नये, हे तेथील राजकारण्यांच्या, राजवाड्यातील चिटणिसांच्या आणि वृत्तपत्रांच्या अंगवळणी पडत गेले. त्यालाच घटनात्मक संकेत म्हणतात. संकेत मोडला तर दंड नाही. फक्त लाज आहे. ही लाज कागदावर उतरवून जहाजाने लेगॉसला पाठविता येत नाही. लँकेस्टर हाऊसमध्ये बसलेल्या घटनाकारांनी अंगवळणी पडलेली गोष्ट कलमात बसविली, आणि कलम होताच ती वकिलांच्या हाती गेली.

नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सभागृहातील मतदानाविना केलेली बडतर्फी अवैध. प्रकरण अपिलात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. मे १९६३ मध्ये तेथून उलट निर्णय आला की, राज्यपालांनी पत्रावर विसंबून केलेली कारवाई वैध. हे निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश म्हणजे व्हायकाउंट रॅडक्लिफ. होय, तेच. १९४७ साली काही आठवड्यांत पंजाब आणि बंगालच्या छातीवरून रेघ ओढून गेलेले सर सिरिल रॅडक्लिफ. इंग्लंडच्या घटनात्मक इतिहासातून या बाबतीत फारसे मार्गदर्शन मिळत नाही. लिखित घटनेतील शब्दच पाहावे लागतील, अशी त्यांची भूमिका होती. कायद्याच्या दृष्टीने ती सयुक्तिक म्हणता येईल. पण तिचा अर्थ काय होतो? ज्यांनी प्रतिमान दिले, तेच सांगत होते की तुमच्या हाती फक्त शब्द आले आहेत, बाकीचे आमच्याकडेच राहिले आहे.

हा निकाल येईपर्यंत इबादानमध्ये बरेच पाणी वाहून गेले होते. मध्यवर्ती सरकारने १९६२ च्या मे अखेरीसच प्रांतात आणीबाणी जाहीर करून कारभार एका प्रशासकाकडे सोपविला. आणीबाणी उठताच, १९६३ च्या प्रारंभी, अकिंतोला नव्या आघाडीचे नेते म्हणून पुन्हा मुख्यमंत्री झाले. प्रिव्ही कौन्सिलने त्यांच्या विरुद्ध निर्णय दिला, तेव्हा प्रांतिक विधिमंडळाने घटनेतील ते वाक्यच पूर्वलक्षी प्रभावाने बदलून टाकले. निकाल हातात असलेले अदेग्बेन्रो तसेच राहिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात देश प्रजासत्ताक झाला आणि प्रिव्ही कौन्सिलकडील अपिलेही बंद झाली. अवोलोवो यांना राजद्रोहाच्या आरोपावरून दहा वर्षांची शिक्षा झाली. विरोधी पक्षनेता तुरुंगात आणि त्याचा माजी शिष्य गादीवर, अशी वेस्टमिन्स्टर पद्धती नायजेरियात तिसऱ्या वर्षी चालू होती.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. १९६२ साली सभागृहात खुर्च्या फेकल्या गेल्या, एवढ्यावरून केंद्राने आणीबाणी लावली. १९६५ च्या ऑक्टोबरात त्याच प्रांताची निवडणूक उघडउघड लुबाडली गेली. माणसांवर आणि घरांवर पेट्रोल ओतून ती जाळण्याचे सत्र सुरू झाले. केंद्राने आणीबाणी लावली नाही, कारण या वेळी मुख्यमंत्री केंद्राच्या सोयीचा होता. कलम तेच होते. १५ जानेवारी १९६६ च्या पहाटे तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव केला. पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा, उत्तरेचे मुख्यमंत्री अहमदू बेल्लो आणि अकिंतोला मारले गेले. पुढे प्रत्युठाव, उत्तरेत इग्बोंची कत्तल, मे १९६७ मध्ये बियाफ्राची फुटीर घोषणा आणि जानेवारी १९७० पर्यंत चाललेले युद्ध.

तेच वाक्य इतरत्रही पेरले गेले होते. मलेशियातील सारावाक राज्यात १९६६ च्या जूनमध्ये राज्यपालांनी मुख्यमंत्री स्टीफन कालोंग निंगकान यांना अशाच सह्यांच्या पत्रावरून दूर केले. कुचिंगच्या उच्च न्यायालयाने नायजेरियाचा दाखला बाजूला ठेवून सांगितले की, विश्वास सभागृहातच मोजला पाहिजे. निंगकान परत आले. दुसऱ्याच आठवड्यात केंद्राने आणीबाणी पुकारली, राज्याची घटना बदलली, सभागृह बोलावले आणि त्यांना पुन्हा घालविले. न्यायाधीशांनी संकेत ओळखला होता. सत्ताधाऱ्यांना तो ओळखण्याची गरज वाटली नाही.

आणि भारत? नोव्हेंबर १९६७ मध्ये पश्चिम बंगालचे राज्यपाल धर्मवीर यांनी अजय मुखर्जी यांचे मंत्रिमंडळ बडतर्फ केले. विधानसभा १८ डिसेंबरला बोलावतो, असे मंत्रिमंडळ म्हणत होते. राज्यपालांना तेवढे थांबवेना. नवे मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र घोष सभागृहात आले, तेव्हा अध्यक्षांनी हे सरकारच घटनाबाह्य असल्याचे सांगून बैठक तहकूब केली. इबादानची आठवण व्हावी असेच हे दृश्य होते. कलकत्ता उच्च न्यायालयाने राज्यपालांची बाजू उचलून धरली. तरीही कलकत्त्याच्या रस्त्यावर लष्कर उतरून सत्ता घेऊन बसले नाही. राष्ट्रपती राजवट आली, १९६९ मध्ये निवडणूक झाली आणि अजय मुखर्जी मतपेटीतून परत आले. पुढे ११ मार्च १९९४ रोजी बोम्मई खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निःसंदिग्धपणे सांगितले की, बहुमताची कसोटी राजभवनात नव्हे, सभागृहात लागली पाहिजे. याच निकालाने डिसेंबर १९९२ मधील मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेश सरकारांची बरखास्ती वैध ठरविली, याचा सल या पानांच्या अनेक वाचकांच्या मनात आहे. तो असणे स्वाभाविक आहे. परंतु सभागृहाच्या कसोटीचा तो दंडक पुढे सर्वच पक्षांच्या कामी आला, हेही तितकेच खरे. ताजे उदाहरण महाराष्ट्राचेच आहे. २०२२ च्या जूनमध्ये बहुमत चाचणीचा आदेश देण्याइतकी वस्तुनिष्ठ सामग्री राज्यपालांपुढे नव्हती, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी म्हटले. आणि मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती आणता येणार नाही, असेही त्याच निकालात म्हटले. दोन्ही बाजूंना अर्धे गोड, अर्धे कडू. ते दोघांनीही गिळले.

एकच उसने वाक्य इबादानला जाळते आणि भारतात खटल्यांची मालिका होऊन राहते, ते का? आपली घटना अधिक स्वदेशी होती म्हणून, असे उत्तर देण्याचा मोह होतो. ते खरे नाही. घटना समितीतच के. हनुमंतय्या यांनी खंत व्यक्त केली होती की, वीणेचे किंवा सतारीचे सूर हवे होते आणि ऐकू येत आहे इंग्रजी बँड. मसुद्यातील फार मोठा भाग १९३५ च्या कायद्यातून घेतल्याचा आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात नाकारला नाही. उसने घेण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही, घटनेच्या मूलभूत कल्पनांची मक्तेदारी कोणाकडे नसते, असे त्यांनी बजावले. त्याच भाषणात त्यांनी घटनात्मक नीतीचा मुद्दा मांडला. ही नीती माणसाला उपजत नसते. ती जोपासावी लागते. भाषणाचा पहिला भाग बहुतेकांना आठवतो. दुसरा सोयीस्करपणे विसरला जातो.

फरक होता तो या जोपासनेच्या कालावधीचा. भारतात मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निर्वाचित अध्यक्ष म्हणून विठ्ठलभाई पटेल १९२५ मध्ये आसनस्थ झाले. मुंबई इलाख्याचेच उदाहरण घ्यावे. १९३७ च्या निवडणुकीत सर्वाधिक जागा मिळूनही काँग्रेसने मंत्रिपदे घेण्याचे नाकारले होते. गव्हर्नर आपले विशेषाधिकार दैनंदिन कारभारात वापरणार नाहीत, याची हमी हवी, असा तिचा आग्रह होता. तीन-साडेतीन महिने साताऱ्याचे धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ कारभार पाहत होते. पेच सुटल्यावर बाळासाहेब खेर आले. म्हणजे राज्यपाल आणि बहुमत यांचा नेमका तोच प्रश्न आपल्याकडे स्वातंत्र्याच्या दहा वर्षे आधी, परक्यांचे राज्य असताना, एकदा घासून निघाला होता. त्या मुंबई विधानसभेचे अध्यक्ष ग. वा. मावळंकर, आणि १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे अध्यक्षही मावळंकरच. आसनावरचा माणूस तोच, सवयी त्याच. या उलट नायजेरियात सार्वत्रिक स्वरूपाच्या निवडणुका सुरू झाल्या १९५१ पासून. उत्तर प्रांताला अंतर्गत स्वराज्य मिळाले मार्च १९५९ मध्ये, आणि दीड वर्षाने संपूर्ण देश स्वतंत्र! दीड वर्षात रोपटेही नीट मूळ धरत नाही. के. एम. मुन्शी यांनी घटना समितीत संसदीय पद्धतीची बाजू मांडली, ती शतकभराच्या सार्वजनिक जीवनात या देशाला तिचा परिचय झालेला आहे म्हणून. हा युक्तिवाद दिसायला साधा आहे, पण प्रतिमानांच्या चर्चेत तोच सर्वांत वजनदार ठरतो.

नायजेरियाच्या कहाणीचा दुसरा अंक पहिल्याहून उद्‌बोधक आहे. युद्ध संपले, लष्करी राजवट चालू राहिली, आणि १९७५ मध्ये जनरल मुर्तला मुहम्मद यांनी नव्या घटनेसाठी पन्नास जणांची समिती नेमली. अवोलोवो यांनी सदस्यत्व नाकारल्यामुळे उरले एकोणपन्नास. अध्यक्ष नामवंत विधिज्ञ रोटिमी विल्यम्स. समितीने वेस्टमिन्स्टर पद्धती सोडून द्यावी, असा निर्णय केला. त्यासाठी दिलेले कारण मननीय आहे. नामधारी प्रमुख एक आणि खरी सत्ता दुसऱ्याच्या हाती, ही विभागणी आफ्रिकेच्या अनुभवाला परकी आहे. अधिकार नसलेला राजा आमच्या इतिहासाला ठाऊक नाही. इफेच्या राजाला राज्यपाल करून जी विटंबना झाली, ती समितीसमोर होतीच. निदान अचूक आणि सर्वस्वी स्वदेशी होते. औषध मात्र वॉशिंग्टनहून मागविण्यात आले. थेट निवडून आलेला कार्यकारी अध्यक्ष, सिनेट, प्रतिनिधिगृह, राज्याराज्यांत निर्वाचित गव्हर्नर. एका परक्या अंगरख्याने काखेत काचले, म्हणून दुसऱ्या शिंप्याकडचा तयार अंगरखा घेतला.

समितीला श्रेय द्यावयाचे तर एका गोष्टीचे निःसंशय द्यावे लागेल. अमेरिकेत नसलेली एक अट तिने स्वतःच्या बुद्धीने घातली. अध्यक्षाला देशात सर्वाधिक मते मिळणे पुरेसे नाही. किमान दोन-तृतीयांश राज्यांत त्याला प्रत्येकी पंचवीस टक्के मते मिळाली पाहिजेत. उत्तरेच्या एकगठ्ठा मतांवर कोणी देशाचा धनी होऊ नये, हा हेतू. जुने प्रांत मोडून तोवर एकोणीस राज्ये झाली होती. शिवाय मंत्रिमंडळात प्रत्येक राज्याचा निदान एक मंत्री हवा आणि पक्ष एकाच जमातीचे असू नयेत, असेही ठरले. पहिल्या प्रजासत्ताकाच्या रक्तातून शिकलेला हा धडा होता.

पहिल्याच निवडणुकीत या अटीची परीक्षा झाली. ऑगस्ट १९७९ मध्ये शेहू शगारी यांना सर्वाधिक मते मिळाली. पंचवीस टक्क्यांची अट त्यांनी बारा राज्यांत पूर्ण केली. तेराव्या, कानो राज्यात त्यांना मिळाली १९.९४ टक्के. आता एकोणीसचे दोन-तृतीयांश किती? बारा पूर्णांक दोन-तृतीयांश. घटनेचे कलम लिहिणाऱ्या विद्वानांपैकी कोणीही हा भागाकार करून पाहिलेला नव्हता! राज्य म्हणजे काही भाकरी नव्हे की तिचा दोन-तृतीयांश तुकडा मोडावा, म्हणून तेरा राज्ये हवीत, असे दुसऱ्या क्रमांकावरील अवोलोवो म्हणाले. शगारींच्या पक्षाचे म्हणणे असे की, तेराव्या राज्यातील दोन-तृतीयांश मतांच्या पंचवीस टक्के पुरेत. म्हणजे साडेसोळाच्या थोडी वर. निवडणूक आयोगाने हे गणित मान्य केले, आणि सत्तांतराला पाच दिवस उरले असताना, २६ सप्टेंबर रोजी, सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. न्यायमूर्ती कायोडे एसो यांनी भिन्नमत नोंदविले. अवोलोवोंनी निकाल मानला. रस्त्यावर रक्त सांडले नाही. सतरा वर्षांपूर्वी ‘दिसून आले तर’ या शब्दांनी जे झाले, ते अपूर्णांकाने झाले नाही, हेही कबूल केले पाहिजे.

पण अमेरिकन यंत्राचा जो भाग जसाच्या तसा बसविला होता, तो खडखडू लागला. कादुना राज्यात गव्हर्नर बालारबे मुसा एका पक्षाचे आणि विधानसभेत बहुमत दुसऱ्या पक्षाचे. सभागृहाने गव्हर्नरांच्या मंत्र्यांना मान्यताच दिली नाही. मंत्र्यांविना त्यांनी कारभार रेटला आणि जून १९८१ मध्ये महाभियोग चालवून सभागृहाने त्यांना काढून टाकले. अमेरिकेत अशा वेळी वाटाघाटी होतात, सौदे होतात, दोन्ही बाजू काही सोडतात. तेही एक प्रकारचे वळणच, आणि तेही लेखी नाही. ३१ डिसेंबर १९८३ रोजी लष्कर पुन्हा आले. १९९९ मध्ये लोकशाही परतली, ती लष्करी राजवटीने हुकूमनाम्याद्वारे दिलेली घटना घेऊन. तिची सुरुवातही ‘आम्ही लोक’ अशीच आहे. लोकांना विचारण्यास मात्र कोणास सवड झालेली नव्हती.

आणि इबादान? जानेवारी २००६. पश्चिम प्रांताचे तुकडे होऊन इबादान आता ओयो राज्याची राजधानी. घटना अमेरिकन धर्तीची. महाभियोगाला दोन-तृतीयांश सदस्य हवेत. सभागृह बत्तीसांचे, म्हणजे निदान बावीस. गव्हर्नर रशिदी लाडोजा यांच्या विरोधातील अठरा सदस्यांनी शहरातील एका हॉटेलात जमून कारवाई सुरू केली आणि अठराच मतांनी त्यांना बडतर्फ केल्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी अवैध ठरविली आणि लाडोजा परत आले. ब्रिटिश प्रतिमान असो की अमेरिकन, इबादानच्या राजकारण्याने सभागृहाबाहेरच बहुमत मोजले. बदल झाला असेल तर तो न्यायालयात. १९६३ मध्ये निकाल आला, तेव्हा विधिमंडळाने घटनाच बदलली. २००६ मध्ये निकाल आला, तेव्हा गव्हर्नर कार्यालयात जाऊन बसले. प्रगतीची ही एक खूण. दुसरी २०१५ ची. त्या वर्षी पदावरील अध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी पराभव मान्य करून मुहम्मदू बुहारी यांना दूरध्वनीवरून अभिनंदन कळविले. पदावरील अध्यक्ष निवडणुकीत हरला आणि शांतपणे गेला, असे नायजेरियाच्या इतिहासात प्रथमच घडले. तो दूरध्वनी करण्याची सक्ती कोणत्याही कलमात नव्हती.

समितीने स्वतः शोधलेली ती पंचवीस टक्क्यांची अट आजही घटनेत आहे. फेब्रुवारी २०२३ च्या निवडणुकीनंतर तिच्यावरून पुन्हा खटला झाला. राजधानी अबुजामध्ये पंचवीस टक्के मते स्वतंत्रपणे मिळविणे आवश्यक आहे काय, हा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने नकारार्थी उत्तर देऊन बोला टिनुबू यांची निवड कायम केली. तज्ज्ञांनी या अटीला नावे ठेवली तरी कोणत्याही उमेदवाराला आज उत्तर किंवा दक्षिण एकट्याने जिंकून भागत नाही. त्याला दुसऱ्याच्या दारी जावे लागते. प्रत्येक राज्याचा एक मंत्री ही अटही टिकली. राज्ये छत्तीस झाली आणि २०२३ मध्ये पंचेचाळीस मंत्र्यांनी शपथ घेतली. खर्चाच्या नावाने तेथे बोटे मोडली जातात. एकजुटीची किंमत म्हणून ती चुकविलीही जाते.

भारतात अध्यक्षीय पद्धतीचे आकर्षण जुने आहे. १९८० च्या दशकात वसंतराव साठे यांच्यासारख्या अभ्यासू मराठी नेत्याने तिचा हिरिरीने पुरस्कार केला. आघाडी सरकारांच्या काळात अनेक राष्ट्रवादी कार्यकर्त्यांनाही एकमुखी, स्थिर, थेट निवडून आलेल्या नेतृत्वाची ओढ वाटत आली. ही ओढ प्रामाणिक आहे. पण ‘संसदीय पद्धती ब्रिटिशांची, म्हणून टाका’ असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावयास हवे की, अध्यक्षीय पद्धतीही कोणा ऋषीने सांगितलेली नाही. तीही फिलाडेल्फियाहूनच येणार. नायजेरियाच्या समितीने राजा आणि अधिकार यांच्या एकरूपतेचा जो युक्तिवाद केला, तसाच युक्तिवाद आपल्याकडेही सहज करता येईल, आणि तो ऐकावयास गोड वाटेल. त्याच समितीला एकोणीसला तीनने भागण्याचे सुचले नव्हते. सत्तर वर्षांहून अधिक काळ भल्याबुऱ्या अनुभवांतून जे संकेत येथे रुजले, बोम्मईपासून महाराष्ट्राच्या निकालापर्यंत जे दंडक घासून तयार झाले, ते नव्या यंत्राला जोडता येतील काय, याचा हिशेब आधी मांडावा लागेल.

नायजेरियात तो हिशेब उलट दिशेने सुरू झाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील प्रतिनिधिगृहाच्या साठ सदस्यांनी देश पुन्हा संसदीय पद्धतीकडे न्यावा, यासाठी विधेयके मांडली. अध्यक्षीय कारभार फार महाग पडतो आणि एकाच माणसाच्या हाती फार सत्ता एकवटते, ही त्यांची कारणे. २०३१ पासून बदल व्हावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि छत्तीस राज्यांपैकी दोन-तृतीयांश विधानसभांची संमती लागते. छत्तीसला तीनने नि:शेष भाग जातो. चोवीस विधानसभा हव्यात. इबादानची त्यांतली एक असेल किंवा नसेल.